तीन दिवसांचं महाबळेश्वर

लिहीन लिहीन म्हणता वर्ष सरत आलं. ही हकीकत जानेवारी २०२५ ची. पुण्याच्या वन्संनी फोनवर दोनदा विचारलं, "अगं, सहलीचं लिहिणार होतीस ना, त्याचं काय झालं?" म्हणून आज बसलेच.

उशिराचं कारण विचाराल तर आंबा! मोहोर आला की आमच्या घरात दुसरा विषय नसतो. कुठल्या कलमावर किती मोहोर, कणी धरली का, तुडतुडे दिसले का, पुढची फवारणी कधी... जेवतानासुद्धा हेच. त्यामुळे आमच्याकडे सहल म्हणजे दोन फवारण्यांच्या मध्ये जेवढी बसेल तेवढी. ह्या वेळी ती तीन दिवसांची बसली. शुक्रवार १७ ते रविवार १९. संक्रांत नुकतीच झालेली, डब्यात तिळाचे लाडू तयारच होते.

निघालो पाचजण. मुलगा, सूनबाई, मी आणि दोन नातवंडं. (नातवंडांची नावं इथे लिहायची नाहीत अशी सूनबाईची तंबी आहे. तिचं बरोबरच आहे. तेव्हा थोरली आणि धाकटा.) थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाच पूर्ण. आमचे 'हे' आले नाहीत. बागेला आणि म्हशीला घरात माणूस लागतं असं त्यांचं म्हणणं. खरं कारण थंडी!

ह्या दोन मुलांनी तोपर्यंत कधी डोंगर म्हणून पाहिलेलाच नव्हता. जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा थोरली चार वर्षांची होती आणि धाकटा पाळण्यात. एका दिवसात बागेतली जुनी कलमं मुळासकट आडवी झाली. वर कोरोना. पुढची काही वर्षं आम्ही दापोली सोडून कुठे गेलोच नाही म्हणा ना. एरवी आमच्याकडे उलटंच चालतं. थंडीत पुण्या-सातारच्या गाड्या बुरोंडीला येतात, परशुरामाच्या पुतळ्यापाशी फोटो काढतात, लाडघरला समुद्रात उतरतात. मुलांना वाटे, सहलीला लोक आपल्याकडे येतात, आपण कुठे जायचं नसतं!

तर महाबळेश्वर. आता रस्ता.

बुरोंडीहून महाबळेश्वरला जायचं तर सरळ वाट एकच. दापोली, खेड, भरणे नाका, कशेडी, पोलादपूर आणि तिथून उजवीकडे वळून आंबेनळी घाट. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. दुसरी वाट चिपळूणवरून कुंभार्ली घाटाने वर चढायचं आणि पाटणवरून फिरून यायचं. ती दुपटीच्या जवळ जाते. नकाशा पाहणारा कोणीही म्हणेल, ह्यात विचार कसला करायचा? पण दापोली तालुक्यातल्या माणसाला विचार करावा लागतो.

२८ जुलै २०१८. शनिवार होता. दापोलीच्या कृषी विद्यापीठातली कर्मचारी मंडळी सकाळी बसने महाबळेश्वरला सहलीला निघाली आणि आंबेनळी घाटात ती बस दरीत गेली. बसमधला एकच माणूस वाचला. त्यानेच वर चढून येऊन कळवलं. महाबळेश्वरचे ट्रेकर पावसात, धुक्यात दोर लावून खाली उतरले. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी दापोलीत काय अवस्था होती ते मी लिहीत नाही. तालुक्यात असं गाव क्वचितच असेल, जिथे त्यांच्यातल्या कुणाची ओळखदेख नव्हती. कुणी कुणाचा वर्गमित्र, कुणी कलमांची रोपं आणायला गेलं की भेटणारा.

त्यानंतर सूनबाईने ठरवून टाकलं होतं, आंबेनळीने जायचं नाही. ती कधी बोलून दाखवत नाही. पण महाबळेश्वरचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जायची. ह्या वेळी मुलाने विषय काढला तेव्हा म्हणाली, "कुंभार्लीने जाऊ या." मुलगा म्हणाला, "सात-आठ तास गाडीत? धाकट्याला दापोलीपर्यंत गाडी लागते!" हेही खरं. दोघं माझ्याकडे बघायला लागली. म्हातारपणी आपल्याला पंच नेमतात आणि निकाल लागला की दोन्ही बाजू रुसतात, हा अनुभव तुम्हालाही असेल.

मी चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला. त्यातली निदान पंधरा वर्षं सहली नेल्या, लाल एसटीतून, चाळीस-चाळीस मुली घेऊन. ह्याच घाटाने चारदा गेले असेन. तेव्हा भीती वाटली नव्हती असं नाही. शिक्षकाला सहलीत रात्री झोप लागत नाही, तो डोकी मोजत असतो. पण भीती वाटते म्हणून घाट बदलायचा असं डोक्यात येत नसे. पुढे बसायचं, चालकाशी बोलायचं, घाई करू नका म्हणायचं, उजेडात वर पोचायचं. मी तेच सांगितलं. आंबेनळीने जा, पण जानेवारीत जा, सकाळच्या उन्हात जा, आणि गाडी हिच्या सांगण्यावर चालेल. ही 'थांब' म्हणाली की थांबायचं, 'हळू' म्हणाली की हळू, वाद नाही. मुलाने कबूल केलं. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही पुढे बसा." मी म्हटलं, "नाही, पुढे तू बस. मागे बसून भीती दुप्पट होते." ती काही बोलली नाही. पुढे बसली मात्र.

आता स्वेटरची गंमत. आमच्या घरात मुलांच्या मापाचा एकही स्वेटर नव्हता. कोकणातल्या मुलाला स्वेटर कशाला लागतो? थोरलीला शेजारच्या घरातून एक मिळाला, मुंबईच्या पाहुण्यांनी विसरलेला. धाकट्याला माझी विणलेली शाल मध्ये भोक पाडून गळ्यात घालू असं ह्यांनी सुचवलं. शेवटी दापोलीत दुकानात थांबून घेतला, माकडटोपीसकट. ती टोपी त्याने तिथेच घातली आणि भरणे नाक्यापर्यंत घामाघूम होऊन काढली नाही.

कशेडीला आता बोगदा झाला आहे, त्यामुळे तो जुना वळणावळणाचा घाट चढावा लागत नाही. बोगद्यात धाकटा ओरडला, बाहेर आल्यावर म्हणाला परत चला. पोलादपूरला घावन-चटणी खाल्ली, आलेपाकाचे तुकडे सगळ्यांच्या तोंडात दिले आणि उजवीकडे वळलो. साडेनऊ वाजले होते.

घाट सुरू झाल्यावर गाडीत एकदम गप्प. आमची गप्प बसायची ती तऱ्हाच आहे. मुलगा गाडी वीसच्या वर नेत नव्हता. मागून हॉर्न आला की सूनबाई म्हणे, "जाऊ दे त्याला," आणि हा बाजूला घेई. २०२१ च्या जुलैत ह्या डोंगरावर एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला होता आणि हा रस्ता ठिकठिकाणी तुटून बंद पडला होता. तिथे आता नव्या भिंती बांधलेल्या दिसतात. काही वळणांवर कठडे नवे, काही ठिकाणी नुसते दगड.

आणि तेवढ्यात थोरलीने विचारलं, "आजी, ती बस कुठे पडली होती?"

आम्ही तिघांनीही तिला कधी काही सांगितलेलं नव्हतं. पण मुलांना सगळं ठाऊक असतं! शाळेत ऐकलेलं, वाडीत ऐकलेलं. सूनबाईची मान ताठ झाली ते मला मागून दिसलं. मी म्हटलं, "ह्याच घाटात. नेमकी जागा मला माहीत नाही." ती म्हणाली, "मग आपण हळू चाललोय ते म्हणून?" म्हटलं, "हो, म्हणूनच." तिला तेवढं पुरलं. परत खिडकीबाहेर बघायला लागली. धाकटा मात्र दरीकडे बघत होता. सकाळचं निळं धुकं खाली साचलेलं, त्यातून डोंगरांचे कडे वर आलेले. तो म्हणाला, "त्यांना पोहता येत नव्हतं?"

त्याला खाली समुद्र वाटला होता! त्याच्या जगात माणसाचं वाईट होतं ते पाण्यात. वाडीतली बोट, वारं, लाटा... पडणं म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं. मी काय सांगणार? तर सूनबाईनेच सांगितलं. मागे वळून, अगदी शांतपणे. "बाळा, तो समुद्र नाही. ती दरी आहे. खाली जमीन आहे, नदी आहे. खूप खोल आहे, म्हणून कडेला जायचं नाही." मग म्हणाली, "थांबव जरा." एका रुंद वळणावर गाडी डोंगराच्या बाजूला लावली. सगळे उतरलो. धाकट्याचा हात धरून तिने त्याला खालची नदी दाखवली. उन्हात बारीक चकाकत होती.

"ही सावित्री," मी म्हटलं.

सवय जात नाही. तिथेच उभ्या उभ्या भूगोलाचा तास झाला. ही नदी वर महाबळेश्वरला निघते, खाली पोलादपूर, महाड करत जाते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. म्हणजे आपल्या समुद्राला! शंभरेक किलोमीटरची नदी, पण काय काय पाहिलं आहे तिने. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा इंग्रजांच्या काळचा पूल वाहून गेला आणि दोन एसट्या गेल्या, ती हीच. (हे मी मुलांना नाही सांगितलं, तुम्हाला सांगते आहे.) धाकट्याला एवढंच कळलं की ही खालची रेघ आपल्या घराकडे चालली आहे. पुढे तीन दिवस त्याने सावित्रीचा पिच्छा सोडला नाही.

प्रतापगडाबद्दल थोडक्यात. माझे गुडघे पायथ्याशीच राहिले, बाकीचे जाऊन आले. अफझलखानाची गोष्ट थोरलीला माझ्यापेक्षा चांगली येते, तारखेसकट: १० नोव्हेंबर १६५९. खाली टपरीवर चहा घेताना दुकानदाराने सांगितलं की दापोलीच्या गाड्या परत दिसायला लागल्या आहेत. गाडीच्या नंबरावरून आम्ही रत्नागिरी जिल्ह्याचे हे त्याने ओळखलं होतं. बाकी काही बोलला नाही. बिस्किटाचा पुडा धाकट्याच्या हातात दिला आणि पैसे घेईना.

वर पोचलो ते दुपारी. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फूट. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं असं मी शेकडो मुलांना पाठ करून घेतलं असेल. पण ते मला खरं कळलं संध्याकाळी सहाला, जेव्हा धाकट्याने तोंड उघडलं आणि वाफ बाहेर आली. तो घाबरला! "आजी, माझ्यातून धूर येतोय." मग दोघांनी तासभर एकमेकांवर धूर सोडला. जेवायलासुद्धा आत येईनात. दुसऱ्या दिवशी सकाळी वेण्णा तलावाच्या बाजूला गेलो तर गवतावर दव इतकं गार की थोरली चप्पल काढून उभी राहिली आणि किंचाळून परत आत. तलाव साताऱ्याच्या महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतलेला. होड्या आहेत. पण आमच्या मुलांना होडीचं कौतुक ते काय! "ही वल्ह्याची, इंजिन कुठाय?" म्हणून धाकटा परत फिरला. घोड्यावर मात्र दोघं तीन-तीनदा बसली. घोडा आमच्याकडे नाही ना.

एक गोष्ट थोरलीने पाहिली आणि मला फार बरं वाटलं. बाजारातून चालताना एका जुन्या बंगल्याच्या गडग्याला हात लावून म्हणाली, "आजी, हा तर आपला चिरा!" खरंच होता. महाबळेश्वरच्या पठाराला वरून जांभ्याची टोपी आहे. काळा कातळ लाखो वर्षं पावसात-उन्हात झिजत राहिला की त्यातलं बाकीचं धुऊन जातं, लोखंड उरतं आणि तांबडा जांभा होतो. आमच्याकडे खाली समुद्राकाठी तोच, इथे वर ढगात तोच. मधला सगळा डोंगर काळा. तिने मातीही उचलून पाहिली. तांबडी. मग तिचा प्रश्न, "माती आपली, चिरा आपला, मग कलमं का नाहीत?" मी म्हटलं, "तू नुसती कुडकुडतेस ती बघ, कलमाचं काय होईल?" मुलगा हसला, आणि लगेच त्याला बागेची आठवण झाली. ह्यांना फोन. मोहोर कसा आहे, ढग आहे का, तुडतुडे... चालू!

इंग्रजांच्या काळी माल्कमसाहेबाने इथे पेठ वसवली. हवा खायला मुंबईचे साहेब इथे येत आणि आमच्या दापोलीला कँपात फौजेचे. थंड म्हणून. दापोलीला हल्ली 'मिनी महाबळेश्वर' म्हणतात ते मला आवडत नाही. दापोली दापोली आहे! असो.

शनिवारी क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचं पाणी वेगवेगळ्या तोंडांतून येतं आणि पुढे एका गोमुखातून कुंडात पडतं. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री. आत अंधार, ओल आणि पाण्याचा आवाज. धाकट्याने गुरुजींनाच विचारलं, "आमची कुठली?" त्यांना आधी कळेना. मी सांगितलं, सावित्री, आम्ही बुरोंडीचे. गुरुजी हसले आणि त्याला उचलून तिचं तोंड दाखवलं. त्याने ओंजळ धरली, प्यायला आणि म्हणाला, "गार आहे." एवढं लांब येऊन एवढाच अभिप्राय. पण त्याला एक गोष्ट पटेना. एकाच देवळातून निघून कृष्णा तिकडे कुठे आंध्रात पूर्वेच्या समुद्राला जाते आणि सावित्री आपल्याकडे. "भांडण झालं का त्यांचं?" मी म्हटलं, "डोंगराचा उतार जिकडे, तिकडे पाणी." त्याला भांडणच बरं वाटलं. माझ्या नोकरीच्या काळात असं उत्तर लिहिणाऱ्याला मी शून्य दिलं असतं!

तिथून आर्थरसीट. माझ्या मते महाबळेश्वरला बाकीचे पॉइंट एक वेळ सोडले तरी चालतील, हा नाही. आपण सह्याद्रीच्या काठावर उभे असतो आणि समोर अख्खं कोकण खाली पसरलेलं. डावी-उजवीकडे कडे तासल्यासारखे, आणि तळाला पुन्हा सावित्रीचं खोरं. वारा खालून इतका जोरात येतो की हलकी वस्तू टाकली तर परत वर येते. मुलांनी वाळकी पानं टाकायचा सपाटा लावला. कठड्याच्या आतून, दोघांची मागून स्वेटरं धरून ठेवलेली. एकाची मी, एकीची सूनबाईने.

शेजारी एक गाईड कुठल्यातरी गटाला सांगत होता. आर्थर मॅलेट नावाचा इंग्रज अधिकारी. त्याची बायको आणि तान्ही मुलगी बाणकोटच्या खाडीत नाव बुडून गेल्या. मग तो इथे येऊन त्या सावित्रीकडे बघत बसत असे, असं सांगतात. म्हणून हे नाव. ही गोष्ट मी पूर्वीही ऐकली होती. सहलीत मुलींना सांगितलीही होती, नुसती माहिती म्हणून. ह्या वेळी सूनबाई ऐकत होती. तिने विचारलं, "बाणकोट म्हणजे आपलंच?" म्हटलं, "हो, आपलंच. वेळासच्या पलीकडे." बराच वेळ ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तिकडे बुडाल्या आणि हा इतक्या वर येऊन बसला."

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आई, काल घाटात पहिली चार वळणं मी डोळे मिटून होते. मुलगी बोलली तेव्हा उघडले." मी म्हटलं, "मला दिसलं होतं." "ह्यांना सांगू नका." "नाही सांगत." (आता इथे लिहिलं आहे, पण तिची परवानगी घेऊन. तिनेच सांगितलं, लिहा म्हणून. मुलगा असलं काही वाचत नाही!)

परत फिरताना थोरली मला म्हणाली, "आई रडत होती का?" म्हटलं, वारा फार होता.

स्ट्रॉबेरीचं लिहिलं नाही तर महाबळेश्वरला गेलो हे कोणी खरं मानणार नाही. एका शेतात पैसे भरून स्वतः तोडायला मिळाली. वाफ्यांवर प्लॅस्टिक अंथरलेलं, त्याला भोकं, भोकातून रोप, खाली ठिबकच्या नळ्या. पाऊस सरला की लावतात, आणि थंडी पडली की फळं सुरू होतात ती उन्हाळ्यापर्यंत. २०१० मध्ये इथल्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. बागायतदाराला बागायतदार भेटला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. माझा मुलगा आणि तो शेतकरी तासभर बुरशीवर बोलत उभे! त्याची अडचण पहाटेचं दव, आमची अडचण ढगाळ हवा. एकमेकांची औषधं विचारून घेतली. शेवटी त्याने दोन रोपं पिशवीत घालून दिली आणि म्हणाला, "खाली तगायची नाहीत, पण पोरांना द्या."

तिथून भिलारला गेलो. ४ मे २०१७ पासून हे 'पुस्तकांचं गाव' आहे. गावातल्या घराघरांत कपाटं, बाहेर पाटी, कुठे कथा-कादंबऱ्या, कुठे संतसाहित्य, कुठे मुलांची पुस्तकं. कुणाच्याही ओसरीवर बसायचं आणि वाचायचं, पैसे नाहीत. मी तर तिथेच राहायला तयार होते. थोरली बालसाहित्याच्या घरात खुर्चीवर पाय घेऊन बसली ती दीड तास हलली नाही. घरातल्या बाईंनी न विचारता तिच्या पायांवर गोधडी टाकली. धाकट्याला चित्रं दाखवून झाली, मग तो कोंबड्यांमागे. मुलगा दारात येऊन चार वेळा घड्याळ दाखवून गेला. मी पाहिलंच नाही त्याच्याकडे. महाबळेश्वरला येऊन पाच पॉइंट बघितले की सात, हे मोजणारे खूप असतात. माझ्या हिशेबात ती दीड तासाची ओसरी सगळ्या पॉइंटांच्या वर.

रविवारी उतरताना सकाळी लवकर निघालो. पुन्हा आंबेनळी. ह्या वेळी कुंभार्लीचं नाव कुणी काढलं नाही. सूनबाई पुढेच बसली. 'हळू' दोनदा म्हणाली, 'थांब' एकदाही नाही. थोरली मागे पुस्तक वाचत होती (भिलारचं नाही, महाबळेश्वरच्या बाजारातून घेतलेलं), त्यामुळे तिला उलटी झाली. धाकटा ठणठणीत.

पोलादपूरला नदीकाठी उतरलो. जानेवारीत सावित्री म्हणजे दगडगोट्यांतून वाट काढणारं चार हात पाणी. धाकट्याने पिशवीतल्या रोपाचं एक पान तोडलं आणि पाण्यात सोडलं. बाणकोटला कधी पोचेल? मी म्हटलं, "सांगता येत नाही. वाटेत अडकलं नाही तर भरती-ओहोटी बघत बघत जाईल." दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगा पंप घेऊन बागेत, सूनबाई शाळेत, मुलं शाळेत. शुक्रवारच्या दांडीची चिठ्ठी मी लिहून दिली. निवृत्त शिक्षिकेचं अक्षर आहे, चालून गेली.

स्ट्रॉबेरीला मार्चपर्यंत पाच पांढरी फुलं आणि दोन बोराएवढी फळं आली. दोघांनी अर्धी अर्धी वाटून खाल्ली. एप्रिलच्या उन्हात रोपं गेली.

आणि मे संपता संपता, आंबा उरकल्यावर, मुलाला आम्हाला बाणकोटला न्यावंच लागलं. वेसवीहून जंगलजेटीने पलीकडे बागमांडल्याला. फेरीबोटीत गाड्या, माणसं, ऊन. धाकटा कठड्याला लागून पाण्यात बघत होता आणि सूनबाईने त्याच्या सदऱ्याची मागची बाजू मुठीत धरलेली. पाणी खारट आणि गढूळ. पान काही दिसेना. शेवटी त्याने बोटीवरच्या खलाशालाच विचारलं, इकडून एक स्ट्रॉबेरीचं पान गेलं का?

तो म्हातारा माणूस जराही हसला नाही. समोर पाण्याकडे बघत म्हणाला, "गेलं ना. कालच्या ओहोटीला गेलं. आता हरिहरेश्वराच्या पुढे असेल."

मग धाकट्याने माझ्याकडे पेरू मागितला आणि खात बसला.